आखडता हात

मिस्त्री गेले आणि वहिनींना काही म्हणजे काही वाटेना. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण यार्डात यावरून नको नको ते बोललं गेलं. कुणी म्हणालं, बाईचं काळीज दगडाचं आहे. कुणी म्हणालं, सुटली बिचारी, मिस्त्री काय कमी तापट होते? दुसऱ्याच्या घरात डोकावायला ज्यांना फुरसत असते, त्यांच्या तोंडी कोण लागणार! खरं होतं ते इतकंच की वहिनी सकाळी उठायच्या, चहा करायच्या, प्यायच्या आणि जीभ पोळली हे त्यांना कप विसळताना कळायचं.

वहिनी म्हणजे अख्ख्या यार्डाच्या वहिनी. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणायचे म्हणून बायकोला वहिनी, इतका सरळ मामला. यार्ड पाण्याच्या काठाला लागून. हौशी लोकांच्या शिडाच्या लहान बोटी हंगाम संपला की तिथे वर ओढून ठेवतात, त्यांच्या डोलकाठ्या उतरवून शेडमध्ये आडव्या टाकतात आणि पुढचा हंगाम आला की पुन्हा उभ्या करतात. हे काम मिस्त्रींचं. ऐकायला सोपं वाटतं. डोलकाठी म्हणजे काय, एक उंच पोकळ दांडा. पण तो दांडा डेकवर नुसता टेकलेला असतो. त्याला धरून ठेवतात त्या तारा. एक पुढे, एक मागे आणि दोन्ही काठांना दोन-दोन. त्यातली एक शेंड्यापासून आलेली, ती वरची, आणि एक मधून आलेली, ती खालची. प्रत्येक तारेच्या बुडाशी आट्यांचा टर्नबकल असतो, तो फिरवला की तार ताणली जाते. कमी ताणली तर डोलकाठी वाऱ्यात डुलत राहते आणि एक दिवस जाते पाण्यात. जास्त ताणली तर काकडीसारखी वाकडी होते, नाहीतर बोटीचंच कंबरडं मोडतं.

म्हणून हे काम दोघांचं. एकानं डोलकाठीच्या बुडाशी डेकवर उताणं पडायचं. डोलकाठीच्या मागच्या अंगाला शीड सरकवायची लांब खाच असते, तिच्यातून थेट शेंड्यापर्यंत नजर लावायची आणि सांगत राहायचं, इकडे एक फेरा, तिकडे अर्धा. दुसऱ्यानं पाना घेऊन या काठावरून त्या काठावर जायचं आणि सांगेल तेवढं फिरवायचं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा मिस्त्रींचा जोडीदार काम सोडून गेला आणि मिस्त्री वहिनींना म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तुला काय, नुसतं गोल फिरवायचंय." तेव्हापासून वहिनी गोल फिरवत होत्या. मुलगी झाली, शाळेत गेली, तिचं लग्न होऊन ती लांबच्या शहरात गेली, वहिनी आपल्या फिरवतायत.

आता वहिनींचं गुपित सांगतो. त्यांनी ते कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. अगदी सुरुवातीला एकदा मिस्त्री म्हणाले, "अजून एक." वहिनींनी इमानेइतबारे पूर्ण फेरा दिला आणि तारेचं टोक सटकलं. तार सपकन वर उडाली आणि खाली येताना मिस्त्रींची हनुवटी फाडून गेली. टाके घालावे लागले. मिस्त्री रुमाल दाबून धरून हसत होते, म्हणत होते, तार जुनी होती, तुझा काय दोष त्यात. पण वहिनींनी त्या दिवशी मनाशी गाठ बांधली, की हा माणूस मागेल तेवढं याला द्यायचं नाही. मिस्त्री एक म्हणाले की वहिनी अर्धा द्यायच्या. चार म्हणाले की दोन. मिस्त्री उताणे पडलेले, डोळे वर लागलेले, काठावर बसलेल्या बायकोचा हात किती फिरला हे त्यांना कुठून दिसणार? आणि गंमत बघा, डोलकाठ्या सरळ उभ्या राहायच्या. लोक म्हणायचे, मिस्त्रींची नजर म्हणजे नजर! वहिनी पाना पुसत ऐकून घ्यायच्या.

तोंडावर त्या नवऱ्याला अहो-जाहो करायच्या. मनात मात्र अरे-तुरे. भाजीत मीठ जास्त पडलं, दाराची कडी नीट लागली नाही, कशावरूनही मिस्त्रींचा पारा चढला की वहिनी खाली मान घालून जेवायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या, 'बोल बाबा, बोल. तुझ्या सगळ्या डोलकाठ्या माझ्या अर्ध्या फेऱ्यावर उभ्या आहेत.' एवढं म्हटलं की घास खाली उतरायचा. संसारभर त्यांनी हेच केलं, आणि त्यांचं चांगलं चाललं होतं.

मग एका दुपारी मिस्त्री शेडमध्ये स्टुलावर बसले. म्हणाले, "जरा पाणी दे ग." वहिनी पेला भरून आणेपर्यंत ते भिंतीला टेकून गेलेले होते. पेला कुठे ठेवावा हे वहिनींना सुचेना. डॉक्टर येऊन गेला, माणसं जमली, तरी पेला त्यांच्या हातातच होता, असं लोक सांगतात. लोक तिखटमीठ लावतात हे धरून चाललं तरी बराच वेळ हातात होता हे खरं, कारण शेवटी शेडशेजारी काम करणाऱ्या ठिणगीनं तो त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला.

त्यानंतर वहिनींची नणंद सोबतीला येऊन राहिली. वहिनी तिला वन्सं म्हणत. वन्संना रडायला निमित्त लागत नाही. भावाचे बूट दिसले की रडणार, भावाचा टॉवेल दिसला की रडणार, कांदा चिरताना तर दोन्ही कारणांनी रडणार. आणि वहिनी समोर कोरड्या ठणठणीत बसलेल्या. "वहिनी, एकदा रडून घ्या हो," वन्सं म्हणायच्या, "मोकळं वाटेल." वहिनी म्हणायच्या, "हो, बघते," आणि भांडी घासायला घ्यायच्या. त्यांना खरंच रडायचं असतं तर कुणाची ना नव्हती. पण आत हात घालून बघावं तर हाताला काही लागत नव्हतं. काही वाटत नाही हे त्यांना कळत होतं, आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

मुलीचा रोज फोन यायचा. "आई, तू आता इकडेच ये. खोली रिकामी आहे, पलंग घातलाय, खिडकीला पडदा लावलाय." वहिनी म्हणायच्या, "येईन." कुणी काहीही विचारलं असतं तरी त्या हेच म्हणाल्या असत्या. फोन ठेवल्यावर त्या रिकाम्या खोलीत स्वतःला बसवून बघायच्या. पलंगावर बसलेली ती बाई कोण आहे, हेच त्यांना ओळखू यायचं नाही.

हंगाम तोंडावर आला तसा यार्डाचा मॅनेजर शेडच्या दारात येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळं सरळ सांगून मोकळा व्हायचा. "वहिनी, बोटींचे मालक विचारायला लागलेत. पलीकडच्या धक्क्यावर ते दोघे भाऊ आहेत ना, तेही शेड मागतायत. काम आम्ही करतो म्हणतात. तुम्हाला चालेल ना? तुम्ही तशाही लेकीकडे जाणार असं ऐकलं."

"काम मी करते," वहिनी म्हणाल्या.

मॅनेजर चाट पडला. वहिनीही थोड्या चाट पडल्या. तोंडातून निघून गेलं होतं.

"अहो, पण तुम्ही फिरवायचात," मॅनेजर म्हणाला. "बघायचे मिस्त्री."

"आता मी बघेन. फिरवायला ठिणगीला घेते."

मॅनेजरनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "असं करू. दातांच्या डॉक्टरीणबाईंची बोट दरवर्षी पहिली असते. तिची डोलकाठी माझ्यासमोर उभी करा. सरळ झाली तर शेड तुमच्याकडेच. नाही जमली तर मला त्या भावांना हो म्हणावं लागेल. राग मानू नका."

"नाही मानत," वहिनी म्हणाल्या. खरंच आला नव्हता.

घरी वन्संनी कपाळाला हात लावला. "कशाला ही उठाठेव? लेक बोलावतेय, सुखानं जा की!" वहिनींनी ताटं घेतली. कारण सांगायचं तर गुपित सांगावं लागलं असतं. आतलं सगळं बधिर झालं होतं, पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती: मिस्त्री मागायचे ते चुकीचं होतं आणि मी द्यायची ते बरोबर. त्या डोलकाठ्या माझ्या होत्या. ही शेड गेली तर हे खरं होतं की खोटं, हे कधीच कुणाला कळणार नाही. उरलेलं आयुष्य लोक हेच म्हणतील, मिस्त्रींची बायको, गोल फिरवायची.

ठरलेल्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं, वारा नावाला. ठिणगी आधीच बोटीवर येऊन बसला होता. ठिणगी म्हणजे यार्डातला वेल्डर. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, अंगात एक शर्ट असा नाही ज्याला जळून भोकं पडलेली नाहीत, म्हणून ठिणगी. मिस्त्रींच्या शेडला लागूनच त्याचा कोपरा. बडबड्या, पण कामाला चोख.

दोघांनी मिळून डोलकाठी उचलली. बूड तिच्या बिजागरीत बसवलं, पुढच्या तारेला दोर बांधून ठिणगीनं तो बोटीच्या नाकाकडून ओढला, वहिनी खांद्यानं रेटत रेटत पुढे गेल्या, आणि डोलकाठी उभी राहिली. पुढची तार अडकवली, मागची अडकवली, बाजूच्या चारही अडकवल्या आणि टर्नबकल हातानं जेवढे फिरतात तेवढे फिरवून घेतले. मॅनेजर धक्क्यावर हाताची घडी घालून उभा होता. आतापर्यंत सगळं नेहमीचं होतं.

मग वहिनी डेकवर उताण्या पडल्या. ही जागा मिस्त्रींची. इतक्या वर्षांत त्या इथे कधी पडल्या नव्हत्या. पाठीला डेक गार लागत होता. डोकं बुडाशी टेकवलं आणि वर बघितलं, तर ती खाच वर जात जात सुतासारखी बारीक झालेली, आणि बाकी सगळं आभाळ. हनुवटीवर वण असलेला माणूस रोज हेच बघत होता तर! वहिनींना वाटलं आता काहीतरी होईल, गळा दाटेल, निदान डोळे तरी. काही झालं नाही.

"सांगा वहिनी," ठिणगी म्हणाला. "पाना लावलाय."

"वरच्या तारा," वहिनी म्हणाल्या. "दोन्हीकडे चार-चार. एक इकडे, एक तिकडे, असं आळीपाळीनं."

मिस्त्री हेच म्हणायचे. याच बोटीला, याच चालीत, दरवर्षी. ते इतकं कानात बसलेलं, की त्या जागेवर पडल्याबरोबर आपोआप बाहेर आलं. आपण चार म्हणालो हे वहिनींच्या लक्षातसुद्धा आलं नाही. एक झाला. दोन झाले. डोलकाठी सरळ दिसत होती, बघायला बरं वाटेल अशी. तिसऱ्या फेऱ्याला कुठेतरी करकर झाली. वहिनींचे डोळे उघडे होते, डोलकाठीचं पोट पुढे येताना त्यांना दिसत होतं, पण दिसणं आणि कळणं यांच्यामध्ये हल्ली बरंच अंतर पडलं होतं. चौथा फेरा सुरू झाला. तार अशी काही किंचाळली की पलीकडच्या बोटीवरचा माणूस वळून बघायला लागला, आणि बोटीच्या अंगातून ठण्णकन आवाज आला.

"थांब! थांब रे!" वहिनी धडपडत उठल्या. "सोड, सोड, सगळं सोड!"

ठिणगीनं घाईघाईनं पाना उलटा फिरवला. तार सैल झाली. काही तुटलं नव्हतं, नशीब. मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, राहू द्या का?" तो आवाज वहिनींनी ओळखला. मनातून त्यानं शेड त्या भावांना देऊनही टाकली होती.

"माझं चुकलं," वहिनी ठिणगीला म्हणाल्या. "चार नाही. दोन म्हणायचं होतं मला."

"वाटलंच मला," ठिणगी कपाळ पुसत म्हणाला. "तिसऱ्यालाच म्हणणार होतो, पण म्हटलं आपण कशाला मध्ये बोला. या बोटीला मिस्त्रीपण दोनच म्हणायचे."

"मिस्त्री चार म्हणायचे," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला."

"तुम्हाला म्हणजे?"

ठिणगीला यात विशेष काही आहे असं वाटत नव्हतं. तो पाना पॅन्टला पुसत सांगायला लागला. "तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेला होता ना, तेव्हा मीच फिरवायला होतो. हीच बोट. मिस्त्री म्हणाले दोन, मी दोन दिले. मी म्हटलं, मिस्त्री, मी शेजारी रोज ऐकतो, वहिनींना तर चार सांगता. तर हसायला लागले. म्हणाले, अरे, तिचा हात आखडता आहे. चार मागितले की दोन देते. माझी हनुवटी फाटली तेव्हापासून भ्यालीय ती. मी म्हटलं, मग सांगा की त्यांना! तर म्हणाले, कशाला? ती तिच्या मनानं मला सांभाळतेय. तिला सांभाळू दे. मी आपला दुप्पट मागतो."

वहिनींनी त्याच्या हातातल्या पान्याकडे बघितलं.

"मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलेलंच असेल," ठिणगी म्हणाला.

ठरलेलं! वहिनींना एकदम सगळी जेवणं आठवली. खाली घातलेली मान आठवली, आणि समोर बसलेला तो तापट माणूस, ज्याला मिठाचा एक कण जास्त झालेला खपत नव्हता, आणि बायको रोज निम्मेच फेरे देते हे माहीत असून ज्यानं एकदाही तोंडातून शब्द काढला नव्हता. वर्षानुवर्षं उताणा पडून मनातल्या मनात हिशेब करायचा, दोन हवेत म्हणजे चार म्हणू, अर्धा हवा म्हणजे एक म्हणू. तो चुकत नव्हता. वहिनीही चुकत नव्हत्या. फक्त वहिनींना वाटत होतं की आपण एकट्याच खेळतोय.

मग आलं ते रडू नव्हतं, तो राग होता. कडकडीत राग.

"मेल्या!" त्या मोठ्यानं ओरडल्या. "एकदा सांगायला काय झालं होतं रे तुला? तोंड शिवलं होतं का तुझं? मी तुझ्यापुढे बसून इतकी वर्षं... मेल्या, सांगायचंस तरी!"

ठिणगी दोन पावलं मागे सरकला. "मी काय केलं वहिनी?"

"तुला नाही रे," वहिनी म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मेल्या. बायका दिवसातून दहादा म्हणतात. त्यांनी नवऱ्याला जन्मात कधी म्हटलं नव्हतं, तोंडावर तर नाहीच. आणि म्हटलं तेव्हा ते खरं झालेलं होतं. त्यांनी डोलकाठीला धरलं.

धक्क्यावरून मॅनेजर म्हणाला, "आजच्या दिवस थांबू या. तुम्ही घरी जा, तुमच्या वन्संना बोलावू का?"

"कुणाला बोलावू नका," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही जाऊ नका. तिथेच उभे राहा. ठिणगी, सगळे टर्नबकल ढिले करून परत हातानं फिरतील तेवढेच फिरव. पहिल्यापासून."

त्या पुन्हा उताण्या पडल्या. "वरच्या. दोन-दोन." ठिणगीनं दिले. डोलकाठी वरपासून खालपर्यंत ताठ झाली. इथवर ठीक. पण आता खालच्या तारा, मधला भाग सरळ करणाऱ्या. त्यातली एक तार यंदा नवीन होती. जुनीचे धागे तुटलेले वहिनींनीच शेडमध्ये बघितले होते आणि बदलून घेतली होती. नवीन तारेला जुना आकडा चालत नाही. मिस्त्रींचा चारही चालत नाही आणि वहिनींचा दोनही चालत नाही. आता नुसतं बघायचं होतं, आणि बघायला वहिनी कधी शिकलेल्या नव्हत्या.

त्यांनी एक डोळा मिटला. दुसरा पाण्यानं भरलेला होता. खाच हलायला लागली. त्यांनी मनगटानं डोळा पुसला, परत बघितलं, परत पुसला. "झालं काय वहिनी?" ठिणगीनं विचारलं. "गप बस जरा," त्या म्हणाल्या. हळूहळू खाच जागेवर आली. मधोमध ती डावीकडे फुगलेली होती. फार नाही. पण दिसत होती, आणि या वेळी दिसल्याबरोबर कळलीसुद्धा.

"खालची, उजवी. एक."

"एक दिला."

फुगवटा कमी झाला, पण गेला नाही. "अजून अर्धा."

"अर्धा दिला."

"पूर्ण अर्धा दिलास?"

"म्हणजे काय! अर्धा म्हणजे अर्धा."

वहिनींनी पुन्हा खाचेला डोळा लावला. "बरं. आता पाव. सावकाश दे." डोलकाठीचं मधलं अंग किंचित उजवीकडे सरकलं आणि खाच बुडापासून शेंड्यापर्यंत एका रेषेत आली. वहिनींनी दोन्ही डोळे उघडून बघितलं, मग एक मिटून बघितलं. रेष हलली नाही. "डावी खालची, नुसती टेकेल इतकी," त्या म्हणाल्या, आणि ठिणगीनं ती टेकवली.

मॅनेजर बोटीवर आला. शर्ट पांढरा होता, तरी उताणा पडला. बराच वेळ वर बघत राहिला. वहिनी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या छातीत धडधडत होतं. किती तरी दिवसांनी ती धडधड त्यांना जाणवत होती, आणि ती नकोशी वाटत होती.

"सरळ आहे," मॅनेजर म्हणाला. उठून त्यानं पाठ झटकली. "त्या भावांना मी नाही कळवतो. बाकीच्या बोटी कधी घेताय?"

"उद्यापासून."

तो गेला. ठिणगी टर्नबकल परत फिरू नयेत म्हणून त्यांच्यात पिना घालायला बसला, आणि गप्प बसणं त्याला मानवणारं नव्हतंच. "मग वहिनी, उद्यापासून पान्यावर मीच ना?"

"तूच," वहिनी म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेव. मी एक म्हटलं की एकच द्यायचा. भीती वाटली तर सांगायचं, भीती वाटते म्हणून. गुपचूप कमी द्यायचं नाही. दुप्पट मागून घ्यायला माझी काही तुझ्यावर तेवढी माया नाही."

ठिणगी खो खो हसला. मग त्यानं मान वर करून बघितलं आणि हसायचा थांबला. वहिनी बोटीच्या काठावर बसल्या होत्या आणि पदर तोंडाला न लावता, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडत होत्या.